फिरती पाटी : फलक-कारागिराच्या धंद्यास वाहनावरील विनाइल वेष्टनाची जोड

तालुक्याच्या बाजारपेठेत पाट्या तयार करणाऱ्याचे एखादे दुकान असतेच. पूर्वी त्याच्या दाराशी रंगाचे डबे, कुंचले व पत्र्याचे कोरे फलक दिसत. आता आत संगणक, अक्षरे कापणारे यंत्र व फ्लेक्सच्या गुंडाळ्या दिसतात. कृषी सेवा केंद्र, दूध संस्था, रोपवाटिका, शेतकरी उत्पादक कंपनी, ग्रामपंचायत या साऱ्यांचे नाव लोकांच्या दृष्टीस आणून देणारा हा कारागीर स्वतः मात्र बहुधा आडगल्लीत बसलेला असतो. वीस किलोमीटरांवरच्या गावातील शेतकऱ्यास त्याचे दुकान ठाऊक नसते. फलक बसविण्याकरिता त्याची लहानशी मालमोटार गावोगाव जाते, ती दोन्ही बाजूंनी कोरी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

या वाहनालाच पाटी करावयाचे, हा विचार साधा आहे आणि अनेक कारागिरांनी तो अमलात आणलाही आहे. परंतु त्यात फसगतही पुष्कळ होते. ज्याचा धंदाच पाट्यांचा, त्याच्या गाडीवरील अक्षरे दुसऱ्या उन्हाळ्यात सोलून लोंबू लागली, तर ती जाहिरात त्याच्या विरुद्ध बोलते; गाडी मात्र रोज रस्त्यावर न्यावीच लागते. म्हणून ग्रामीण भागात हा उद्योग करू इच्छिणाऱ्या तरुणांनी, व त्यांना सल्ला देणाऱ्या ग्रामसेवकांनी, या कामाची अंगे नीट समजून घेणे अगत्याचे आहे. कामाला वाव आहे यात शंका नाही. महाराष्ट्रात २०२२ साली दुकाने व आस्थापनाविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीत मराठी नामफलक लावणे बंधनकारक झाले. त्यामुळे लहान दुकानदारही आता पाटीवाल्याचे गिऱ्हाईक आहे.

विनाइल म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड या प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. मूळ पदार्थ कडक असतो. त्याला मऊपणा आणण्याची युक्ती वाल्डो सेमन या अमेरिकन रसायनज्ञाने १९२६ साली शोधली. पापुद्र्याच्या एका अंगास चिकट थर असतो व त्यावर कागदी अस्तर असते. बाजारात तो दोन जातींचा मिळतो, आणि सर्व फसगतीचे मूळ या दोन जातींतील भेद न ओळखण्यात आहे.

पहिली जात लाटलेली. पोळी लाटावी तसा गरम गोळा रुळांमधून दाबून हा पापुद्रा काढतात. लाटताना त्याला ताण बसतो, आणि ऊन लागले की तो मूळ आकाराकडे ओढ घेऊन आकसू लागतो. त्याची जाडी सुमारे ७५ ते १०० मायक्रॉन असते. सपाट, स्थिर फलकास तो चांगला, किंमतही कमी. दुसरी जात ओतीव. यात पातळ द्रव गुळगुळीत तक्त्यावर ओतून भट्टीत वाळवितात, त्यामुळे पापुद्र्यात ताण राहत नाही. जाडी सुमारे ५० मायक्रॉनच. पण वाहनाच्या वळणावर, खळग्यात व खिळ्यांच्या माथ्यांवर तो बसतो आणि बसलेला राहतो. ओतीव माल महाग पडतो खरा. तथापि चैत्र-वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा पत्रा हाताला चटका देण्याइतका तापतो, आणि अशा पत्र्यावर वळणाच्या जागी लाटलेला माल लावणे म्हणजे पुढच्या वर्षी तो खरवडण्याची मजुरी आजच अंगावर घेणे होय. मधला मार्ग असा की, फाळक्याच्या सपाट भागापुरता चांगल्या प्रतीचा लाटलेला माल वापरावा व दरवाजाच्या वळणांवर ओतीव. छापील चित्राची हौस नसेल, तर रंगीत विनाइलमधून नुसती अक्षरे कापून लावणे सर्वांत किफायतीचे. त्यात रंग पापुद्र्यातच असतो, छपाईचा खर्च नाही. पाटीवाल्याकडे कापणीचे यंत्र असल्यास हे काम घरचेच.

संपूर्ण गाडी मढविण्याची आवश्यकता नसते. ज्या मालमोटारीस लोक ‘छोटा हत्ती’ म्हणतात, तिचे उदाहरण घ्यावे. तिच्या हौद्याचे बाजूचे फाळके सुमारे २.२ मीटर लांब व ३० सेंटिमीटर उंच असतात. मागचा फाळका सुमारे १.४ मीटर. तिन्ही मिळून पावणेदोन चौरस मीटर भरतात. दोन्ही दरवाजांवर सत्तर बाय पन्नास सेंटिमीटरचा एकेक तुकडा धरला, तर एकूण सुमारे २६ चौरस फूट होतात. कातरण व चूकभूल धरून ३० चौरस फूट मालाचा अंदाज करावा. एवढ्यात काम सुबक होते.

मजकुराविषयी कारागिरास सांगणे म्हणजे धाडसच, परंतु स्वतःच्या गाडीवर लिहिताना चांगले कारागीरही हात आवरत नाहीत. फलक, बॅनर, शिक्के, लग्नपत्रिका, गाडीचे नंबर अशी सगळी यादी फाळक्यावर चढते, आणि वाचणाऱ्यास काहीच वाचता येत नाही. एक इंच उंचीचे अक्षर दहा फुटांवरून सुखाने वाचता येते, असा या धंद्यातील ठोकताळा आहे. सहा इंची अक्षर म्हणजे साठ फूट. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या वाचण्याच्या टप्प्यात ती तीनचार सेकंद राहते. तेवढ्यात दुकानाचे नाव, काम काय ते दोन शब्द, गाव आणि दूरध्वनी क्रमांक इतकेच डोळ्यांत भरते. देवनागरीचे आणखी एक ध्यानात ठेवावे. शिरोरेघेवर वेलांटी, मात्रा व रफार, खाली उकार व जोडाक्षरांचे पाय. त्यामुळे बारा इंची फाळक्यात अक्षराच्या मुख्य अंगास जेमतेम सहा इंच मिळतात. इंग्रजी नमुन्यावरून मापे घेणारा येथे चुकतो व मग वेलांट्या फाळक्याच्या कडेवर कापल्या जातात. पांढऱ्या गाडीवर गर्द निळी किंवा काळी अक्षरे उठून दिसतात. छापील लाल व पिवळा रंग उन्हाने लवकर उडतो, तेव्हा नाव व क्रमांक त्या रंगांत छापू नयेत.

छपाई केलेले विनाइल लगेच लावू नये. शाईतील द्रावक उडून जाण्यास किमान एक दिवस, शक्य तर दोन दिवस, पापुद्रा सैल पसरून ठेवावा; त्यानंतर वर पारदर्शक संरक्षक थर चढवावा. घाईत चढविलेल्या थराखाली द्रावक कोंडतो आणि कडा उचलू लागतात. गिऱ्हाइकाची तारीख सांभाळताना ही चूक हमखास होते. स्वतःच्या गाडीस तरी तारीख नसते.

पत्र्याची तयारी हा कामाचा अर्धा भाग मानावा. विनाइल पत्र्याला चिकटत नाही, पत्र्यावरील रंगाला चिकटते. रंगच सुटलेला असेल, खाली गंज किंवा ठोकळ डागडुजी असेल, तर पापुद्रा रंगासकट उचलून येतो. गाडी नव्याने रंगविली असल्यास रंग पुरता पिकेपर्यंत काही आठवडे थांबावे. प्रथम साबणाच्या पाण्याने धुवावे, पूर्ण कोरडे करावे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलाचा अंश काढावा. बिजागऱ्या, फटी व फाळक्याची खालची कड यांत चिखल व ग्रीस दडलेले असते. सोलणे तेथूनच सुरू होते.

लावण्याचे काम सावलीत, वारा व धूळ नसलेल्या जागी करावे. मळणीच्या दिवसांत रस्त्याकडेला हे काम काढू नये, भुसा अस्तराखाली जातो. मधून बाहेरच्या बाजूस, नमदा लावलेल्या पट्टीने, एकावर एक येणाऱ्या हातांनी दाबीत न्यावे. पापुद्रा ओढून ताणू नये. वळणावर गरम हवेच्या यंत्राने किंचित मऊ करून बसवावा. लावून झाल्यावर ओतीव मालाच्या कडा व खळगे पुन्हा सुमारे ९० ते १०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून दाबावे लागतात, म्हणजे ताणलेला भाग मागे सरकण्याची ओढ विसरतो. ही शेवटची तापवणी बहुतेकजण टाळतात. दोन तुकडे जोडताना कौलांचा नियम लावावा : वरचा तुकडा खालच्यावर, व पुढचा मागच्यावर; म्हणजे पाऊस व वारा सांध्यात शिरत नाहीत. पत्र्यावर पाते दाबून कापू नये. रंग चिरला की तेथून गंज धरतो.

कायद्याकडे दुर्लक्ष करून भागत नाही. गाडीचा रंग नोंदणीपत्रात लिहिलेला असतो, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात नोंदणीपत्राशी विसंगत फेरबदल करता येत नाही. म्हणून मूळ रंग झाकून टाकणारे पूर्ण वेष्टन करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करून लेखी उत्तर घ्यावे. काही फाळक्यांपुरते वेष्टन करावयाचे असले तरी जाहिरातीविषयीचे नियम तेथेच विचारावेत. नंबरपाटी, दिवे, परावर्तक पट्ट्या व नियमानुसार गाडीवर लिहावी लागणारी माहिती कधीही झाकू नये. काचा मोकळ्या ठेवाव्यात; काचेवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली. गाडीच्या अंगावर काय लिहावे हा केवळ मालकाच्या मर्जीचा प्रश्न नाही, हे महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ साली मालमोटारींवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ या मजकुरास बंदी घातली तेव्हा सर्वांना कळून चुकले.

गाडी लावताना मजकुराची बाजू रस्त्याकडे येईल असे पाहावे. आठवड्याच्या बाजारी चिंचेखाली सावलीत उभी असलेली गाडी धावत्या गाडीपेक्षा अधिक लोक सावकाश वाचतात, आणि ऊनही चुकते. नावाचे वाहन बेफाम हाकल्यास लोक क्रमांकही तितक्याच सावकाश वाचतात. कामाच्या वहीत एक रकाना वाढवून, गिऱ्हाइकास दुकान कोठून कळले ते प्रत्येक वेळी लिहून ठेवावे. वर्षाअखेर गाडी पाहून आलेली कामे किती व त्यांतून राहिले किती, हे त्यावरून कळते. पुढचा खर्च त्या आकड्यावर ठरवावा.

धुताना मऊ फडके व साधा साबण वापरावा. जोरदार पाण्याची धार कडांवर धरू नये. रंग फिकटू लागला, पापुद्र्यास बारीक भेगा दिसू लागल्या, की तो काढण्याची वेळ झाली असे समजावे. आणखी थांबल्यास तो ठिसूळ होऊन नखाएवढ्या तुकड्यांनी निघतो व चिकट थर पत्र्यावरच राहतो. गरम करून, कड धरून, सावकाश तिरके ओढावे. निघालेले तुकडे व कातरण बांधावर पेटवू नये. या प्लॅस्टिकच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड वायू असतो आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात. जुन्या फ्लेक्सने कडब्याची गंजी झाकण्याची सोय तरी होते. विनाइलचा तसा उपयोग नाही, ते कचरासंकलनातच द्यावे. पापुद्रा निघाल्यावर झाकलेल्या भागाचा मूळ रंग ताजा व भोवतालचा उडालेला दिसतो, जुन्या अक्षरांच्या सावल्या पत्र्यावर उमटून राहतात. म्हणून नवा नमुना आखताना त्याची रुंदी व उंची जुन्यापेक्षा बोटभर अधिक धरावी.