बियाण्याची परतफेड
स्थानिक अन्नाची चर्चा बहुधा बाजारापासून सुरू होते. माझ्या मते ती बियाण्यापासून सुरू व्हायला हवी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ‘बीजमाता’ म्हणून त्यांचं मोठं कौतुक झालं. पण देशी बियाणं जपण्याच्या या कामाचं बळ एकटीच्या जिद्दीइतकंच भोवतालच्या बायकांच्या बचतगटांत आणि ‘बाएफ’ संस्थेच्या साथीत आहे. वाल-घेवड्याचे कितीतरी वाण त्यातून टिकले. बी उन्हात वाळवायचं, राखेत घोळवायचं, मडक्यात भरून तोंड शेणामातीनं लिंपायचं, ही मेहनत बिनपगारी. बियाणे बँकांची रीत अशी, की नेलेल्या बियाण्याच्या दुप्पट पुढच्या हंगामात परत करायचं. त्यामुळे एका घरचं पीक बुडालं तरी वाण दुसऱ्याच्या शेतात शिल्लक राहतो.

देशी वाणांचा उतारा कमी, हा आक्षेप पुष्कळदा खरा असतो. तो झटकून टाकू नये. मात्र संकरित बियाणं दुसऱ्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावं लागतं. कोरडवाहू तुकड्यावर हा खर्चही हिशेबात धरायला हवा. आणि विक्रीच्या पिकाला संकरित वाण लावणाऱ्यानंही परसात घरच्या खाण्यापुरता देशी वाल लावायला काय हरकत आहे? वाण-संरक्षण आणि शेतकरी हक्कांच्या २००१च्या कायद्यानं शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, त्याची देवाणघेवाण करण्याचा हक्क दिला आहे. तो वापरायचा तर गावातल्या काही घरांनी वाण नेमानं पेरत राहायला हवा. मडक्यातलं बी फार वर्षं उगवत नाही.