ठाऊक होतं, पण…

लेकीकडे शिकागोला गेलो की दुपारी माझ्या वाट्याला नातू येतो आणि नातवाच्या तोंडी असतो बेसबॉल. जन्म क्रिकेटमध्ये गेलेल्या आजोबांना तो खेळ समजावताना त्याची अगदी दमछाक होते. पण एकदा त्याने याच शहरातल्या एका जुन्या खेळाडूची गोष्ट सांगितली, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

जॉर्ज ‘बक’ वीव्हर. जन्म १८९० चा, पेनसिल्व्हेनियातला. १९१२ साली तो शिकागो व्हाइट सॉक्समध्ये आला. आधी शॉर्टस्टॉप आणि पुढे थर्ड बेसवर स्थिरावला. तडकावलेला चेंडू तिथे गोळीसारखा येतो. तिथे उभं राहायला छाती लागते, आणि ती वीव्हरकडे होती.

१९१९ ची वर्ल्ड सिरीज सिनसिनाटी रेड्सशी होती. जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन हरायचं, असं वीव्हरच्या काही सहकाऱ्यांनी ठरवलं. त्या बोलण्यांना वीव्हर हजर होता. त्याने एक पैसा घेतला नाही. आठ सामन्यांत ११ हिट्स मारले, क्षेत्ररक्षणात एक चूक केली नाही. संघ ५-३ असा हरला. वीव्हर मात्र कुणाजवळ बोलला नाही.

१९२० च्या सप्टेंबरात बिंग फुटलं. ऑगस्ट १९२१ मध्ये ज्यूरीने खेळाडूंना निर्दोष सोडलं. पण दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे कमिशनर लँडिस यांनी आठही जणांना कायमचं बाहेर काढलं. कटाची बोलणी ऐकून जो आपल्या क्लबला सांगत नाही, त्यालाही या खेळात जागा नाही, असं त्यांचं म्हणणं. वीव्हर तेव्हा जेमतेम तिशीचा होता.

मी बँकेत अधिकारी होतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, वर्षानुवर्षं व्यवहार न झालेल्या खात्यांतून रकमा काढतो, हे माझ्या लक्षात आलं होतं. त्यातलं एक खातं निवृत्त शिक्षिकेचं होतं. मी त्यातला चहासुद्धा प्यायलो नाही. पण त्याला दोन लहान मुली होत्या, आमचं घरचं येणं-जाणं होतं. मी गप्प बसलो. पुढे तो सापडला. चौकशीत मला विचारलं, “तुम्हाला कल्पना होती?” मी “नाही” म्हणालो. पुढे मला बढतीही मिळाली.

वीव्हर आयुष्यभर पुन्हा पुन्हा अर्ज करत राहिला. सगळे फेटाळले गेले. ३१ जानेवारी १९५६ रोजी शिकागोतच, रस्त्यात त्याला मृत्यू आला. मे २०२५ मध्ये बेसबॉलने दिवंगत खेळाडूंवरची बंदी उठवली, त्यात त्याचंही नाव होतं. तोवर ६९ वर्षं उलटली होती.

शिक्षा जास्तच झाली, असं मला वाटतं. पण तो अगदी निर्दोष होता, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

“आजोबा, त्याने सांगायला हवं होतं ना?” नातवाने विचारलं होतं. मी विषय बदलला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जवळ बसवलं आणि त्या शिक्षिकेच्या खात्याची गोष्ट सांगितली. घरात ती पहिल्यांदाच कुणी ऐकत होतं.