स्वस्त लॅपटॉप : कुठे पुरतो, कुठे अडतो

बारावीचा निकाल लागला, की आमच्या घरी माणसांची ये-जा वाढते. नगरमध्ये (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जिभेला वळण पडायला वेळ लागतो) संगणक शिकवण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. त्यामुळे ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे पालक मुलांना घेऊन येतात. कुणाच्या हातात पेपरातले कात्रण असते, कुणाच्या मोबाइलवर जाहिरातीचा फोटो. प्रश्न मात्र एकच असतो : ‘सर, हा घेऊ का?’

जून २०२५ मधली गोष्ट. पारनेर तालुक्यातले एक कांदा उत्पादक शेतकरी मुलीला घेऊन आले होते. ‘सर, बावीस हजारांत मिळतोय. वर बॅग फुकट. टाकू घेऊन?’ मी कागद पाहिला. चौदा इंची पडदा, चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी ईएमएमसी, सेलेरॉन एन ४०२० प्रोसेसर. ‘मुलगी काय शिकणार आहे?’ मी विचारले. ‘सिव्हिल इंजिनिअरिंग.’

पाच वर्षांपूर्वी असता, तर मी ‘घ्या’ म्हणालो असतो. किंबहुना तसे मी म्हणालोही होतो. २०२० च्या टाळेबंदीत संगमनेरच्या माझ्या भाचीला घाईघाईने एक लॅपटॉप घेऊन दिला. तेव्हा बाजारात माल नव्हता, वर्ग मोबाइलवर भरत होते आणि वीस हजारांत वस्तू मिळते आहे याचाच आनंद होता. त्यात साठवणीची जागा होती फक्त बत्तीस जीबी. पहिले वर्ष बरे गेले. मग विंडोजचे अपडेट उतरायला जागा पुरेना. दर आठवड्याला काहीतरी पुसायचे, मग काम करायचे. दुसऱ्या वर्षी ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर त्यात बसलेच नाही. दोन सेमिस्टर ती मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन रात्री ड्रॉइंग करत होती, आणि मामाने आणून दिलाय म्हणून घरी एका शब्दाने बोलली नाही. मला कळले ते डिप्लोमा झाल्यावर. ‘मामा, आता दुसऱ्या कुणाला सांगशील तेव्हा जरा नीट विचारून सांग हं,’ एवढेच ती म्हणाली. त्या दिवसापासून मी आधी कागद पाहतो, आणि किमतीबद्दल मग बोलतो.

म्हणून स्वस्त लॅपटॉप टाकाऊ असतो, असे मात्र कुणी समजू नये. पत्र, निबंध, प्रकल्प अहवाल लिहायचा, व्याख्यानाचा व्हिडिओ पाहायचा, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, बचत गटाचा हिशेब ठेवायचा, यासाठी बावीस हजारांचे यंत्र पुरते. मोबाइलवर आठ पानी अहवाल लिहून पाहिलेल्या माणसाला खऱ्या कीबोर्डची किंमत सांगावी लागत नाही. मराठीसाठी विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो, तो फक्त सुरू करायचा. लिब्रे ऑफिस फुकट मिळते आणि त्याचे मेनूही मराठीत करता येतात. बी. ए.च्या विद्यार्थ्याला, किराणा दुकानाला, निवृत्त शिक्षकाला मी असा लॅपटॉप खुशाल घ्यायला सांगतो. अडचण पुढच्या कामांची आहे, आणि ती दुकानात दिसत नाही. दुकानात यंत्र रिकामे असते. रिकामे यंत्र सगळेच पळते.

त्या शेतकरी दादांना मी कांद्याच्या भाषेत सांगितले. तुमची चाळ आहे ना, तिच्यात किती कांदा मावतो ते झाले स्टोरेज. आणि चाळीतून काढलेला कांदा निवडायला समोर किती पसरता येतो, ती जागा म्हणजे रॅम. चाळ मोठी आहे पण पसरायला हातभर जागा आहे, तर काय होईल? ‘दर दोन मिनिटाला आत-बाहेर करावं लागंल,’ ते म्हणाले. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोज ११ नेमके हेच करत बसते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी किमान चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी साठवण सांगितली आहे हे खरे, पण किमान याचा अर्थ यंत्र सुरू होईल एवढाच. ब्राउझर, व्हिडिओ वर्ग आणि वर्डची फाइल एकत्र उघडली, की पसरायला जागा उरत नाही.

चौसष्ट जीबीचाही हिशेब पाहा. पेटीवर ६४ लिहिलेले असले, तरी विंडोज ते ५९ च्या आसपास दाखवते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या. यात लबाडी नाही, दोन मापे आहेत, पायली आणि किलोसारखी. त्यातला मोठा वाटा विंडोज स्वतः घेते, वर दर अपडेटला मोकळी जागा मागते. शिवाय ईएमएमसी ही मोबाइलच्या मेमरी कार्डाच्या जातीची चिप. ती जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा बरी वाटली, तरी आजच्या एसएसडीच्या पासंगाला पुरत नाही.

पण खरी मेख वेगळीच आहे. एसएसडी बहुधा स्क्रू काढून बदलता येते, ईएमएमसी मदरबोर्डला सोल्डर केलेली असते. पुष्कळ स्वस्त आणि पातळ लॅपटॉपांत रॅमचेही तसेच. ‘पुढे पैसे आले की वाढवू’ हे आपल्याकडचे आवडते वाक्य तिथे चालत नाही. माझे मोजमाप म्हणूनच आता साधे झाले आहे : या यंत्रात पुढे काय बदलता येणार नाही? प्रोसेसर बदलत नाही. पडदा बदलणे परवडत नाही. सोल्डर केलेली रॅम बदलत नाही. या तीन ठिकाणी पैसे घालावेत. साठवण कमी असली आणि एसएसडीची जागा असली, तर एक वेळ चालते. हेही सांगायला हवे, की २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढून जगभर मेमरीच्या किमती चढल्या. तेव्हा ‘नंतर टाकू’ म्हणजे ‘स्वस्तात टाकू’ असे धरून चालू नये.

प्रोसेसरच्या नावांनी तर भले भले फसतात. तो सेलेरॉन एन ४०२० आहे २०१९ सालचा, दोन कोअरचा. त्याच घराण्यातला एन १०० आला २०२३ मध्ये, चार कोअरचा, आणि कामाला कितीतरी सरस. दोघांच्या खोक्यावरचे चित्र मात्र सारखेच चकचकीत. रायझन ३ ७३२०यू हे नाव ऐकून नव्या पिढीचा माल वाटतो. तो २०२२ मध्ये आला हे खरे, पण त्याच्या कोअरची रचना २०१९ ची आहे, आणि त्याच्याबरोबरची रॅम नेहमी सोल्डर केलेलीच असते. ‘आय थ्री आहे’, ‘आय फाइव्ह आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. पुढचा आकडा विचारायचा. गाईची नुसती जात सांगून भागत नाही, वेत कितवे तेही विचारतो ना आपण?

पडद्याकडे लोक फक्त इंचात पाहतात. स्वस्त लॅपटॉपचा पडदा बहुधा मंद असतो, सव्वादोनशे-अडीचशे निट्सचा. खोलीत ठीक दिसतो. ओसरीवर किंवा झाडाखाली बसले, की त्यात स्वतःचा चेहरा दिसतो. ग्रामीण मुलांसाठी मुद्दाम बनवलेल्या एका लॅपटॉपची इथे आठवण होते. ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ म्हणून निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये जाहीर केलेले ते यंत्र २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात (हे कर्जत आपले नव्हे) एका वाडीवरच्या शाळेत मुलांच्या हाती आले. रॅम अवघी २५६ एमबी, साठवण एक जीबी. पण पडदा भर उन्हात वाचता येई, कीबोर्ड रबराचा आणि धुळीपासून बंदिस्त, वीज अगदी कमी. शंभर डॉलरचे आश्वासन काही पाळता आले नाही, किंमत जवळजवळ दुप्पट झाली, आणि आपल्या सरकारने ती योजना मोठ्या प्रमाणावर घेतलीही नाही. तरी वापरणारा कुठे बसणार आहे, हा विचार आधी करून बनवलेले ते यंत्र होते. आजचे स्वस्त लॅपटॉप त्याच्या कित्येक पटींनी वेगवान आहेत, पण ते वातानुकूलित खोलीत बसणाऱ्यासाठी बनवून खेड्यात विकलेले वाटतात.

विजेचे म्हणाल, तर लॅपटॉप हा आपल्या भागाला सोयीचाच. दोन-चार तास वीज गेली तरी काम चालू राहते. जाहिरातीतल्या ‘आठ तास’ वर जाऊ नका. बॅटरीवर वॉट-अवरचा आकडा असतो. सदतीस वॉट-अवरची बॅटरी आणि साध्या कामात आठ वॉटचा खर्च, म्हणजे साडेचार तास झाले. दोन-तीन वर्षांनी ते आणखी उतरतात. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे कमी दाबाची फिकीर नको. भीती अचानक चढणाऱ्या दाबाची. आणखी एक तक्रार वारंवार येते : ‘सर, लॅपटॉपला करंट येतो.’ चार्जिंगला लावल्यावर हाताला बारीक झिणझिण्या येतात. लॅपटॉपचा दोष त्यात बहुधा नसतो. घराला अर्थिंग नाही, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात कसाबसा बसवला आहे. वायरमनला बोलवावे, दुकानदाराशी भांडू नये.

आता बिजागरी. माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या स्वस्त लॅपटॉपांत ही तक्रार सगळ्यांत जास्त. बिजागरी धातूची असते, पण ती ज्यात स्क्रूने बसवलेली असते ते प्लास्टिक. पडदा रोज एका कोपऱ्याला धरून उघडला, की ते प्लास्टिक तडकते, मग पडद्याची चौकट फाकते. मधोमध धरून उघडण्याची सवय लावा, दोन वर्षे वाढतील. कीबोर्डचेही तसेच. पूर्वी तो वेगळा निघायचा. आता वरच्या झाकणाला कायमचा डकवलेला असतो, एक कळ गेली तरी दुरुस्ती सगळ्या झाकणाची. चहाचा कप दूर ठेवा, हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितले, की मुलांनी माझे तेच नाव पाडले होते.

दुरुस्तीवरून आठवले. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटर. जामखेडहून नगर पाऊणशे किलोमीटर, अकोले तालुक्यातून तर शंभराच्या वर. वॉरंटी ‘नेऊन द्यायची’ असेल, तर एका बिघाडासाठी दोन खेपा आणि दोन दिवसांचा रोज बुडाला. वॉरंटी घरपोच आहे का, आणि आपल्या पिनकोडला ती लागू आहे का, हे विकत घेण्यापूर्वी विचारायचे. हजारभर जास्त पडले, तरी गावाकडच्या माणसाने ते द्यावेत असे माझे मत आहे.

यातून सुटका म्हणून काही जण जुन्या, दुरुस्त करून विकलेल्या कंपनी-लॅपटॉपांकडे वळतात. वाईट नाही. ते दणकट असतात, रॅम बदलता येते. पण इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचाच घ्यावा, कारण त्याआधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसरी वाट जिओबुकसारख्या यंत्राची. २०२३ मध्ये ते १६,४९९ रुपयांना आले, वजन किलोहून कमी, सिमकार्डची सोय आतच. वाचन, व्हिडिओ, लेखन यासाठी सुटसुटीत. पण ते चालते मोबाइलच्या जातीच्या चिपवर आणि स्वतःच्या जिओ ओएसवर. विंडोजची सॉफ्टवेअर त्यात बसत नाहीत. टॅली शिकणाऱ्याने आणि सिव्हिलवालीने त्याच्या वाटेला जाऊ नये.

त्या मुलीला पुढे ऑटोकॅड लागणार होते. त्याला आठ जीबी रॅम किमान लागते, तीही साध्या ड्रॉइंगला. विद्यार्थ्यांना ते सॉफ्टवेअर फुकट मिळते, पण चालवायला यंत्र हवे. हे ऐकून दादा गप्प झाले. बावीस हजार एका खेपेतून बाजूला काढलेले होते. दुसरी खेप अजून चाळीत होती, आणि भावाची खात्री कुणाला असते? शेवटी मुलीनेच तोड काढली. पहिल्या सेमिस्टरला कॉलेजची प्रयोगशाळा वापरेन, घाई नको.

दिवाळीच्या आधी ती पुन्हा आली. आम्ही तिघे दुकानात गेलो. मी तिला तीनच गोष्टी शिकवल्या होत्या. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबायचे, परफॉर्मन्सवर जायचे, मेमरी पाहायची. पहिल्या लॅपटॉपवर ‘फॉर्म फॅक्टर’ पुढे ‘रो ऑफ चिप्स’ दिसले, म्हणजे सोल्डर केलेली रॅम, तीही चारच जीबी. ‘पप्पा, हा नको.’ दुसऱ्यावर आठ जीबी आणि ‘स्लॉट्स यूज्ड’ पुढे दोनपैकी एक, म्हणजे एक जागा रिकामी. साठवण ५१२ जीबीची एसएसडी. मग तिने तो उचलून दाराशी, उजेडात नेला, पडदा मधोमध धरून उघडला, आणि एक पान वाचून पाहिले. दुकानदार माझ्याकडे पाहत होता.

बावीसाचे चौतीस झाले. बारा हजार वरचे कुठून आणले, ते मी विचारले नाही. पावती करताना दुकानदार म्हणाला, ‘ताई, या मॉडेलवर बॅग नाही बरं का.’

‘राहू द्या,’ ती म्हणाली, ‘बारावीची सॅक आहे माझी.’