शेतांतील संगणकांची कामवांटणी

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या मळ्यांत जो प्रकार घडला, त्यावरून हा लेख लिहिण्याचें मनांत आलें. कांद्याच्या ठिबकास आपोआप उघडणारे व मिटणारे व्हॉल्व्ह आम्हीं बसविले होते. जमिनींतील ओल सेन्सर मोजी, तो आंकडा मोबाईलच्या जाळ्यावरून दूरच्या संगणकाकडे जाई आणि व्हॉल्व्ह मिटण्याचा हुकूम तेथून येई. एके रात्रीं विजेची पाळी होती. पंप सुरू झाला, व्हॉल्व्ह उघडला आणि मध्यरात्रीनंतर रेंज गेली. जमीन भिजल्याचें सेन्सरास ठाऊक होतें, व्हॉल्व्ह त्यापासून चाळीस पावलांवर होता. तरी या दोघांत निरोप पोंचविणारें कोणी नव्हतें. सकाळीं जाऊन पाहतों तों विहीर तळास गेलेली आणि काढणीस आलेल्या कांद्याच्या खालच्या वाफ्यांत पाणी उभें! विकणाऱ्या गृहस्थांनीं दोष रेंजवर ढकलला. माझ्या मतें तो कामवांटणीचा होता.

हल्लीं शेतांत तीन दर्जांचे संगणक काम करितात. पहिला सेन्सराच्या पोटांतील नखाएवढा. त्याची स्मरणशक्ति बेताची व पोट बॅटरीवर भरणारें. दुसरा घरांत किंवा पंपाच्या खोलींत ठेवलेला गेटवे. तिसरा म्हणजे दूरच्या शहरांतील प्रचंड संगणकांचा समूह, ज्यास क्लाउड म्हणतात. कोणतें काम या तिघांपैकीं कोणाकडे सोंपवावें, हा एज कॉम्प्युटिंग या शास्त्रांतील मुख्य प्रश्न आहे. एज म्हणजे कड; आपण त्यास बांधावरचें संगणन म्हणूं. राखण्या पांखरें हांकतांना मालकाची परवानगी मागत बसत नाहीं. पण पुढील सालीं कोणतें पीक घ्यावें हें मालकच ठरवितो. येथेंही तसेंच आहे.

घाईच्या कामाचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतील तणनाशक फवारणीचें आहे. जॉन डिअर कंपनीनें २०२२ सालीं ‘सी अँड स्प्रे अल्टिमेट’ नांवाचें यंत्र पुढें आणिलें. त्याच्या १२० फूट लांबीच्या बूमवर ३६ कॅमेरे असतात. मका, सोयाबीन वा कापूस यांच्या उभ्या पिकांत तण दिसतांच तेवढ्याच ठिकाणचा नोझल उघडतो. यंत्र ताशी १२ मैल चालतें असें धरिल्यास तें सेकंदास साडेसतरा फूट पुढें सरकतें. चित्र क्लाउडकडे पाठवून उत्तर येण्यास अर्धा सेकंद लागला, तरी औषध तणापासून नऊ फूट पुढें पडणार. म्हणून चित्र ओळखणारे संगणक यंत्रावरच बसविलेले असतात.

परंतु तण ओळखावयास शिकविणें हें काम त्या यंत्राच्या आवांक्याबाहेरचें आहे. त्यासाठीं तण व पीक यांचीं असंख्य छायाचित्रें मोठ्या संगणकांपुढें ठेवावीं लागतात. त्यांतून आंकड्यांचें जें मॉडेल तयार होतें, तेवढेंच यंत्रांत उतरवितात. मॉडेल फारच जड असल्यास त्यांतील ३२ बिटांत लिहिलेला प्रत्येक आंकडा ८ बिटांत बसवितात; त्या योगें त्याचा आकार चौथाईवर येतो व अचूकपणांत पुष्कळदां थोडीच घट होते. शिक्षण दूर आणि ओळख जवळ, अशी ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते.

घाई नाहीं, पण माल अवजड आहे, अशा कामाची निराळीच अडचण असते. मायक्रोसॉफ्टमधील रणवीर चंद्रा व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं ‘फार्मबीट्स’ या आपल्या योजनेवर निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेंतील वॉशिंग्टन व न्यूयॉर्क या राज्यांतील शेतांवर त्यांनीं ती चालवून पाहिली. ड्रोननें काढलेलीं चित्रें एवढीं मोठीं भरत, कीं खेड्यांतील मंद इंटरनेटवरून तीं सबंध पाठविणें परवडेना. तेव्हां शेतकऱ्याच्या घरांतील संगणकावरच तीं जोडून शेताचा नकाशा करावयाचा आणि क्लाउडकडे केवळ सारांश धाडावयाचा, असें त्यांनीं ठरविलें. शेतांतून घरापर्यंत निरोप आणण्यास दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरी उपयोगी पडल्या.

सेन्सराची गोष्ट याहून वेगळी. त्याची बॅटरी ओल मोजण्यांत फारशी खपत नाहीं. ती खपते रेडिओनें निरोप धाडण्यांत. म्हणून ओलींत फरक पडला तरच बोलावें, एरव्हीं निजून राहावें, एवढा विचार त्यानेंच केलेला बरा. लोरा नांवाची रेडिओपद्धत आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत परवान्यावांचून वापरतां येते व तिचा निरोप मैलांवर पोंचतो. पण तो कांहीं अक्षरांपुरताच असतो, त्यांत छायाचित्र मावत नाहीं. द्राक्षांवरील केवड्याचा अंदाज मात्र खुशाल क्लाउडकडे सोंपवावा. पानांचा ओलावा, उष्णतामान व पाऊस यांचा कित्येक तासांचा हिशेब त्यास लागतो. तेथें उत्तर दहा मिनिटें उशिरा आलें तरी बिघडत नाहीं.

गेटवे जवळ आहे म्हणून सगळेंच त्याच्या गळ्यांत घालणें हीही चूकच. ड्रोनचा नकाशा जोडण्यांत तो गुंतला असतां पंप थांबविण्याचा हुकूम रांगेंत उभा राहिला, तर जवळिकेचा उपयोग काय? तांतडीचें काम येतांच हातांतील काम बाजूस ठेवण्याची सोय त्यांत असली पाहिजे. शिवाय तो जळाला किंवा चोरीस गेला, तर वर्षांचे आंकडे त्याबरोबर जातात. नोंदींची एक प्रत दूर असावीच.

अशी यंत्रणा विकत घेणारांनीं विक्रेत्यादेखत एक परीक्षा अवश्य करावी. व्हॉल्व्ह उघडा असतां गेटवेमधील सिम काढून घ्यावें आणि पुढें काय होतें तें पाहत बसावें. माहितीपत्रकांत हें लिहिलेलें नसतें.

आमच्या मळ्यांत आतां व्हॉल्व्हपाशींच एक लहानसा नियंत्रक आहे. ओल ठरलेल्या आंकड्यास पोंचली कीं तो स्वतः व्हॉल्व्ह मिटवितो. सेन्सर बिघडला तर दीड तासानें घड्याळाप्रमाणें मिटवितो. क्लाउडकडे सकाळीं एकदां पाण्याचा हिशेब जातो. रेंज नसली तर तो दुपारीं जातो.