पुसलेली ओळ : एकाच वेळी होणारे लेखन आणि फाईलसिस्टीमची परीक्षा

प्रास्ताविक

जुन्या हस्तलिखितांवर काम करणाऱ्याला गहाळ ओळीची सवय असते. कुठे वाळवीने कागद खाल्लेला असतो, कुठे शाई उडालेली असते. पण तेथे काहीतरी गेले आहे हे डोळ्यांना दिसते, आणि पाठचिकित्सेचे काम त्या दिसण्यापासूनच सुरू होते. संगणकातील फाईलची गोष्ट वेगळी आहे. तिच्यातील एखादा तुकडा नाहीसा होऊन त्या जागी शून्ये भरली गेली, तरी फाईलची लांबी तीच राहते, नाव तेच राहते, आणि संगणक कोणतीही तक्रार न करता ती उघडून दाखवतो. आपण तिची प्रत काढून ठेवली असेल तर प्रतीतही तीच शून्ये उतरतात. अशी हानी अनेकदा महिन्यांनंतर लक्षात येते, आणि तोवर मूळ मजकूर कोठेच उरलेला नसतो.

आज निकालपत्रके, प्रवेशनोंदी, ग्रंथालयाची सूची हे सारे आपण संगणकाच्या भरवशावर ठेवतो. हा भरवसा तपासला कसा जातो, हे अध्यापकांनी जाणून घेणे उपयुक्त आहे. प्रस्तुत लेखात लिनक्स या प्रणालीतील ईएक्सटी-४ या फाईलसिस्टीममधील एका दोषाचा परिचय करून दिला आहे. हा दोष २०११ साली दुरुस्त झाला आणि त्या दुरुस्तीत राहिलेली फट २०१९ साली बुजवली गेली. परीक्षा घेणे हा आपला रोजचाच व्यवसाय असल्याने या प्रकरणातून आपल्यालाही काही शिकता येईल.

फाईलसिस्टीम, सेक्टर आणि ब्लॉक

डिस्कवर कोणती फाईल कोठे ठेवली आहे, याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था म्हणजे फाईलसिस्टीम. ईएक्सटी-४ ही लिनक्सवर फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी फाईलसिस्टीम असून डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या २.६.२८ या कर्नलपासून ती स्थिर मानली गेली. पूर्वापार पद्धतीच्या डिस्कवर लिहिण्याचे सर्वांत लहान माप ५१२ बाइटचे असते. त्यास सेक्टर म्हणतात. फाईलसिस्टीम मात्र जागा देताना सहसा ४०९६ बाइटचा ब्लॉक देते. म्हणजे एका ब्लॉकमध्ये आठ सेक्टर. आठ ओळींचे एक पान, अशी कल्पना केल्यास पुढील सर्व विवेचन सोपे जाईल.

आणखी एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. फाईलची लांबी मोठी जाहीर केली, पण तिच्यात अद्याप काहीच लिहिले नाही, तर फाईलसिस्टीम तेवढी जागा लगेच देत नाही. अशा रिकाम्या भागास ‘पोकळी’ म्हणू. पोकळीतून वाचले असता शून्ये मिळतात. तिच्यात लिहिण्याची वेळ येते तेव्हाच खरा ब्लॉक दिला जातो.

लेखनाच्या दोन पद्धती

सामान्यतः प्रोग्रामने लिहिलेला मजकूर आधी कर्नलच्या ताब्यातील स्मृतीत जातो आणि सवडीने डिस्कवर उतरतो. दोघांनी एकाच पानाच्या वेगवेगळ्या ओळी लिहिल्या तरी त्या स्मृतीतील एकाच प्रतीवर उमटतात. त्यामुळे प्रस्तुत दोष तेथे उद्भवत नाही.

मोठे डेटाबेस आणि आभासी संगणक चालवणारे प्रोग्राम पुष्कळदा हा मधला टप्पा टाळतात व मजकूर थेट डिस्ककडे पाठवतात. हे ‘डायरेक्ट’ लेखन होय. त्यातही एक लेखन पूर्ण होण्याची वाट न पाहता पुढचे सोपवले, तर त्यास ‘असिंक्रोनस’ लेखन म्हणतात. प्रोग्राम दहा कामे एकदम सोपवतो आणि कोणते कधी पुरे झाले याची वर्दी नंतर घेतो. यात वेग मोठा मिळतो. पण कोणते काम आधी आणि कोणते नंतर पुरे होईल, याची हमी राहत नाही.

दोन कातिब, एक पान

उर्दू छापखान्यात कातिब हाताने मजकूर लिहीत असत. समजा, दोन कातिबांना एकाच पानाचे काम दिले. पहिल्याने पहिली ओळ लिहायची, दुसऱ्याने दुसरीपासून आठवीपर्यंत. दोघांच्या ओळी वेगळ्या. भांडणाचे कारणच नाही.

परंतु कार्यालयाचा एक नियम आहे : पान नवे असेल तर आपण लिहीत नसलेल्या ओळी प्रत्येकाने स्वच्छ पुसाव्यात. हा नियम निरर्थक नाही. डिस्कवरचा ‘नवा’ ब्लॉक खरोखर कोरा नसतो. त्यावर पूर्वी पुसलेल्या एखाद्या फाईलचे अवशेष असू शकतात. ते साफ केले नाहीत तर एकाची खाजगी माहिती दुसऱ्याच्या फाईलमध्ये दिसेल. म्हणून फाईलसिस्टीम नव्या ब्लॉकच्या उरलेल्या भागात शून्ये भरते.

आता पहिला कातिब पान घेतो. नोंदवहीत ते पान ‘नवे’ आहे, आणि त्याचे काम पूर्ण होऊन तशी नोंद होईपर्यंत ते नवेच राहणार आहे. तेवढ्यात दुसरा येतो. त्यालाही नोंदवहीत पान नवेच दिसते. तो आपल्या सात ओळी लिहितो आणि नियमाप्रमाणे पहिली ओळ पुसतो. पहिल्याची ओळ गेली. दोघांनीही नियम पाळला, दोघांनीही ‘काम पूर्ण’ म्हणून कळवले, आणि मजकूर मात्र नष्ट झाला. क्रम वेगळा पडला तर पहिल्याने दुसऱ्याच्या सात ओळी पुसल्या असत्या. निकाल कोण आधी पोहोचतो यावर ठरतो, म्हणून अशा दोषास ‘शर्यत’ म्हणतात.

येथे प्रोग्राम लिहिणाऱ्याची काहीही चूक नाही, हे विशेष लक्षात घ्यावे. त्याने एकमेकांवर न येणाऱ्या दोन जागी लिहिले. चूक फाईलसिस्टीमची आहे.

पानाच्या मधोमध लेखन सुरू होण्याचा प्रसंग वाटतो तितका दुर्मिळही नाही. जुन्या पद्धतीत डिस्कचे पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होत असे. विंडोज एक्सपीपर्यंत हीच रीत होती. ६३ ला ८ ने भाग जात नाही. असा संगणक आभासी रूपाने एखाद्या फाईलमध्ये चालवला, तर आतील प्रणालीने व्यवस्थित मापून लिहिलेला ४०९६ बाइटचा प्रत्येक तुकडा बाहेरच्या फाईलमध्ये दोन ब्लॉकांवर विभागला जातो.

२०११ ची दुरुस्ती आणि तिचा अपवाद

हा दोष एक्सएफएसटेस्ट्स या चाचणीसंचातील २४० क्रमांकाच्या चाचणीने दाखवून दिला. हा संच मुळात एक्सएफएस या फाईलसिस्टीमसाठी तयार झाला होता. पुढे लिनक्सच्या इतर फाईलसिस्टीमही त्यावर तपासल्या जाऊ लागल्या. २०११ च्या सुरुवातीस एक्सएफएस आणि ईएक्सटी-४ या दोन्हींमध्ये दुरुस्ती झाली. उपाय सरळ होता : ब्लॉकच्या मापात न बसणारी असिंक्रोनस डायरेक्ट लेखने एकाच वेळी होऊ द्यायची नाहीत, त्यांना रांगेत उभे करायचे. रांगेमुळे वेग मंदावणार हे उघड होते, म्हणून ईएक्सटी-४ तसा इशाराही लॉगमध्ये नोंदवीत असे.

मात्र ईएक्सटी-४ च्या दुरुस्तीत एक सवलत ठेवली होती. लेखन फाईलच्या शेवटापलीकडे सुरू होत असेल तर रांगेची गरज नाही. कारण असे की, शेवटापलीकडे दुसऱ्या कोणाचे लेखन चालू असणेच शक्य नाही. युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण फाईलचा शेवट पानाच्या मधोमध असेल तर? शेवटाच्या अलीकडची ओळ आणि पलीकडची ओळ एकाच पानावर येतात. नियम लिहिताना विचार झाला तो ‘शेवट’ या बिंदूचा, आणि पुसण्याचे काम चालते ते पूर्ण पानावर. ही फट आठ वर्षे राहिली.

२०१९ ची चाचणी : आकड्यांनिशी

ही फट उघडी करणारी चाचणी इतकी लहान आहे की ती फळ्यावर मांडता येते.

१. रिकामी फाईल घेऊन तिची लांबी ४१४७२ बाइट जाहीर करावी. ४१४७२ म्हणजे ४०९६ चे दहा ब्लॉक आणि वर ५१२. म्हणजेच फाईलचा शेवट अकराव्या पानाच्या पहिल्या ओळीनंतर येतो.

२. पहिले लेखन ३७३७६ पासून ४०९६ बाइटचे. ते बरोबर ४१४७२ ला संपते. त्याचे शेवटचे ५१२ बाइट, म्हणजे ४०९६० पासूनचे, अकराव्या पानाच्या पहिल्या ओळीत पडतात.

३. दुसरे लेखन ४१४७२ पासून ४०९६ बाइटचे. ते त्याच पानाच्या दुसऱ्या ओळीपासून सुरू होते.

४. पहिल्याची वर्दी येण्याची वाट न पाहता दोन्ही कामे सोपवावीत, मग दोन्हींची वर्दी घ्यावी.

५. फाईल वाचून एकूण एक बाइट तपासावा.

दोषयुक्त कर्नलवर ४०९६० ते ४१४७१ या ५१२ बाइटांत शून्ये सापडतात. दुसरे लेखन शेवटापासून सुरू होत असल्याने सवलतीत बसले, रांगेत थांबले नाही, आणि त्याने पहिली ओळ पुसली. मार्च २०१९ मध्ये झालेली दुरुस्ती अगदी छोटी आहे : सवलत देताना फाईलचा शेवट पुढच्या पूर्ण ब्लॉकपर्यंत वाढवून धरावा. येथे ४१४७२ ऐवजी ४५०५६. दुसरे लेखन त्याच्या अलीकडे सुरू होत असल्याने त्याला रांगेत थांबावे लागते. चाचणीसंचात या प्रसंगासाठी ५३८ क्रमांकाची नवी चाचणी घातली गेली.

चांगल्या परीक्षेची लक्षणे

या चाचणीची रचना पाहिली की उत्तम प्रश्नपत्रिकेचे गुण तिच्यात आढळतात.

पहिला गुण, चुकीचे उत्तर बरोबर उत्तरासारखे दिसता कामा नये. दोन लेखनांत दोन वेगळी चिन्हे भरावी लागतात, आणि त्यांतील एकही शून्य बाइट असता कामा नये. मूळ चाचणीत ‘०’ आणि ‘१’ ही अक्षरे वापरली आहेत. अक्षर ‘०’ संगणकात हेक्साडेसिमल ३० म्हणून साठवले जाते. शून्य बाइट वेगळा. हा फरक विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा. खरोखरची शून्ये भरली असती तर पुसलेले आणि लिहिलेले सारखेच दिसले असते आणि चाचणी नेहमी उत्तीर्ण झाली असती.

दुसरा गुण, अडचणीचा प्रसंग खरोखर निर्माण झाला पाहिजे. पहिले लेखन संपण्याची वाट पाहिली की शर्यत उरत नाही. लेखने ब्लॉकच्या मापात बसवली की पुसण्याचे कारण उरत नाही. पोकळीऐवजी आधीच लिहिलेल्या जागी लिहिले की पान ‘नवे’ राहत नाही. तिन्ही गोष्टी जमल्या तरच परीक्षा होते. शर्यतीचा निकाल वेळेवर अवलंबून असल्याने ती अनेकदा घ्यावी लागते. एकदा उत्तीर्ण होणे हा पुरावा नव्हे.

तिसरा गुण, परीक्षेत कोणीतरी नापास झालेले पाहिले पाहिजे. दोषयुक्त कर्नलवर चाचणी नापास होते आणि दुरुस्त कर्नलवर उत्तीर्ण होते, हे दोन्ही पाहिल्यावरच ती विश्वासार्ह ठरते.

चौथा गुण सर्वांत महत्त्वाचा. नियमाची परीक्षा झाली म्हणजे अपवादाची झाली असे नाही. २०११ च्या दुरुस्तीनंतर नियम पाळला जात होता. दोष सवलतीत दडला होता. जेथे जेथे ‘हे वगळून’ असे लिहिले आहे, तेथे त्याच्या सीमारेषेवरचा एक प्रश्न विचारलाच पाहिजे.

महाविद्यालयात हा प्रयोग करू इच्छिणाऱ्यांना दोन सूचना. चाचणीसंच आपल्याला दिलेले एक पार्टिशन पुन्हा पुन्हा नव्याने फॉरमॅट करतो. म्हणून कामाची माहिती असलेल्या डिस्कवर तो कधीही चालवू नये, वेगळा संगणक घ्यावा. दुसरे, केवळ कर्नलचा क्रमांक पाहून निष्कर्ष काढू नये. लिनक्सचे वितरक नव्या दुरुस्त्या जुन्या क्रमांकाच्या कर्नलमध्येही बसवतात. क्रमांक काय सांगतो यापेक्षा चाचणी काय सांगते, ते प्रमाण मानावे.

समारोप

५१२ बाइट म्हणजे फार काही नव्हे. पण निकालाच्या नोंदवहीत तेवढ्या जागेत काही विद्यार्थ्यांची नावे आणि गुण सहज मावतात. ती नावे पुसली जाताना ना घंटा वाजते, ना लाल अक्षरे दिसतात. त्यांना वाचवणारी गोष्ट एकच : कोणीतरी आधीच बसून दोन लेखनांच्या मधली ती रेषा शोधली आणि तेथे प्रश्न विचारला. आपल्या संगणक विभागांत प्रोग्राम लिहायला शिकवले जाते. त्याच्याइतक्याच आस्थेने प्रोग्रामची परीक्षा कशी घ्यावी हेही शिकवले जावे, एवढेच या लेखाच्या निमित्ताने सुचवावेसे वाटते.