गुर्बत : परदेशातील परकेपण आणि बडोद्याचे एक घराणे

मराठीत 'गरीब' म्हणजे पैसा नसलेला. मूळ अरबीत मात्र 'गरीब' म्हणजे परका, आपल्या मुलखापासून दूर पडलेला. उर्दूतील 'गुर्बत' या शब्दात परदेशवास आणि दारिद्र्य हे दोन्ही अर्थ नांदतात. हा शब्द शिकवताना विद्यार्थी हमखास विचारतात, "परदेशी गेलेला तर कमावतो, तो गरीब कसा?" बडोद्यातून कितीतरी तरुण कॅनडा, ब्रिटन, आखाती देशांकडे जात असतात. त्यांना निरोप देणाऱ्या अध्यापकांनी या प्रश्नाचा विचार करणे आवश्यक वाटते.

मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९५४ च्या एका व्याख्यानात 'सांस्कृतिक धक्का' ही कल्पना मांडली. प्रथम नवलाई, मग अस्वस्थता, नंतर हळूहळू सावरणे आणि शेवटी जुळवून घेणे, असा तिचा क्रम आहे. नवख्या माणसाला तो बराचसा लागू पडतो. परंतु पंधरा-वीस वर्षे राहिलेल्या, भाषा शिकलेल्या, घर घेतलेल्या माणसालाही मधूनच उपरे वाटते, त्याचे काय? त्याचे उत्तर आपल्याच शहरातील एका घराण्याच्या इतिहासात सापडते.

बडोदे ते पॅरिस

उस्ताद मौलाबक्ष (१८३३-१८९६) उत्तरेतून बडोद्यास आले. सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या आश्रयाने १८८६ मध्ये येथे गायनशाळा सुरू झाली, तिचे ते पहिले प्रमुख. तीच संस्था पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीत-नाट्य विद्याशाखा झाली. त्यांचे नातू इनायत खान यांचा जन्म १८८२ चा. घरात उर्दू, बाजारात गुजराती, दरबारात मराठी अशा शहरात ते वाढले. एका भाषेतून दुसरीत जाणे त्यांना नवे नव्हते.

१३ सप्टेंबर १९१० रोजी मुंबईहून ते बंधू महबूब खान आणि नात्यातील महंमद अली खान यांच्यासह अमेरिकेस निघाले. तेथे त्यांना रूथ सेंट डेनिस या नर्तिकेच्या कार्यक्रमांत साथ करावी लागली. त्या 'भारतीय' नृत्ये करीत, पण तोवर त्यांनी भारत पाहिलेला नव्हता. प्रेक्षकांना राग समजून घ्यायचा नव्हता, पौर्वात्य देखावा पाहायचा होता. आपली विद्या करमणूक म्हणून पाहिली जाते, ही वेदना इनायत खान यांनी आत्मकथनात नमूद केली आहे.

येथे 'गुर्बत'चा अर्थ उलगडतो. महफिलीत गाणारा एकटा नसतो. समेवर मान डोलावणारा, नेमक्या जागेला दाद देणारा श्रोता गाण्याचाच भाग असतो. परदेशात गळा तोच, विद्याही तीच, पण जाणकार श्रोता नाही. भाषा, खाणेपिणे, थंडी यांची सवय स्वतःच्या प्रयत्नाने होते. आपली ओळख मात्र समोरच्याच्या हाती असते. तो आपल्याला स्वतःच्या मनातील चित्रात बसवतो आणि त्या चित्राबाहेरचे आपले सारे न ऐकलेलेच राहते. ही उणीव सरावाने भरून निघत नाही, म्हणून वीस वर्षांनंतरही परकेपण उरते.

इनायत खान यांनी पुढे सुफी विचारांच्या व्याख्यानांना वाहून घेतले आणि मैफलीचे संगीत मागे ठेवले. श्रोत्यांना समजेल अशी भाषा त्यांना सापडली, पण त्यासाठी वीणा सोडावी लागली. १९२६ मध्ये ते भारतात परतले आणि ५ फेब्रुवारी १९२७ रोजी दिल्लीत वारले.

पुढची पिढी

त्यांची कन्या नूर १९१४ च्या आरंभी मॉस्कोत जन्मली. आई अमेरिकन, घर पॅरिसजवळील सुरेन येथे. १९३९ मध्ये तिने जातककथांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. युद्धकाळात 'नोरा बेकर' हेही नाव तिने वापरले. ब्रिटनसाठी गुप्त बिनतारी संदेशवाहकाचे काम करताना ती पकडली गेली आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छळछावणीत मारली गेली. वडिलांनी भारत सोडला तीच ही तारीख.

आईवडिलांचा देश एक आणि वाढण्याचा दुसरा, अशा मुलांना समाजशास्त्रज्ञ रूथ युसीम यांनी 'तिसऱ्या संस्कृतीची मुले' म्हटले. ही कल्पना त्यांना १९५० च्या दशकात भारतातील अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना सुचली. अशा मुलांना 'तू मूळची कुठली?' या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही.

अध्यापकांनी काय करावे?

माझा एक माजी विद्यार्थी नऊ वर्षांपासून परदेशात आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला. मी काम विचारले, तर म्हणाला, "सर, काम काही नाही. थोडी उर्दू, थोडी मराठी मिसळून बोलायचं होतं." मी नोकरी, पगार विचारण्याच्या तयारीत होतो. गप्प बसून ऐकले.

यावरून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, जाणाऱ्याला आधीच सांगावे की वर्षांनंतर वाटणारे परकेपण हा दुबळेपणा नव्हे. मात्र झोप उडाली, काम सुचेनासे झाले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हेही सांगावे. दोन, तेथे मातृभाषेत बोलायला निदान एक माणूस राखण्यास सांगावे. तीन, परतणाऱ्याकडेही लक्ष द्यावे. जॉन आणि जीन गुलाहॉर्न यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की मायदेशी परतल्यावरही तसाच धक्का बसतो, कारण दरम्यान माणूस आणि घर दोन्ही बदललेले असतात.

आणि चौथी गोष्ट आपल्या वर्गातलीच. गुजराती माध्यमाच्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी, उर्दू किंवा मराठी घरातली मुलगी ही याच शहरात 'गरीब' असू शकते. तिच्या भाषेतले दोन शब्द आपण समजून घेतले, तर तिला एक श्रोता मिळतो. एवढे तर आपल्या हाती आहे.