कारवान कुत्रं लेकराबाळांच्या घरात चालतं का? पिल्लू आणण्याआधी हे वाचा

लातूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर भागातल्या शेतवस्त्यांवर निमुळत्या तोंडाचं, उंच पायांचं, पोट आत गेलेलं कुत्रं अनेक ठिकाणी दिसतं. कोणी त्याला कारवान म्हणतं, कोणी करवानी. कर्नाटकाच्या बाजूला तेच मुधोळ. त्याच्याबद्दल गावात दोन मतं ऐकू येतात. काही जण म्हणतात, यासारखं इमानी जनावर नाही. काही जण म्हणतात, शिकारी कुत्रं आहे, लहान पोरं असलेल्या घरात नको. मग खरं काय?

जात कुठली?

कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळ हे गाव आहे. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, म्हणून मुधोळ हे नाव पडलं. टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांच्या चार जातींवर तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूर इथे या जातीचं सरकारी संशोधन केंद्रही आहे.

स्वभाव कसा असतो?

हे कुत्रं वासापेक्षा नजरेवर शिकार करतं. लांब काही पळताना दिसलं की ते सुसाट सुटतं. तेव्हा हाक मारूनही लवकर थांबत नाही. घरात मात्र ते शांत असतं, विनाकारण फार भुंकत नाही. घरच्या माणसांचा त्याला लळा लागतो, पण परक्याने अंगाला हात लावलेला त्याला आवडत नाही. पाहुण्यांपुढे शेपूट हलवत लोळण घेईल, ही अपेक्षा धरू नये.

मग अंगावर का येतं?

बऱ्याच वेळा कारण साखळीत सापडतं. पळण्यासाठीच घडलेलं जनावर दिवसभर खुंट्याला बांधलं, की ते चिडचिडं होतं. त्यात येणारा-जाणारा दगड मारतो, पोरं काठीने डिवचतात. 'कडक व्हावं' म्हणून काही जण पिल्लाला मुद्दाम कोंडून ठेवतात, माणसांत येऊ देत नाहीत. असं कुत्रं राखण करेल, पण एक दिवस शेजारच्या पोरालाही चावेल.

पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नये. घरी आणल्यावर पहिले काही महिने त्याला माणसं, पोरं, गुरं, मोटारसायकलचा आवाज या सगळ्यांची सवय लावावी. शक्य असेल तर विकत घेताना पिल्लाची आई बघावी. ती बुजरी किंवा चावरी असेल तर विचार करावा. रोज सकाळ-संध्याकाळ कुंपणाच्या आत मोकळं पळू द्यावं.

लहान पोरं आणि कोंबड्या

जात कोणतीही असो, लहान मूल आणि कुत्रं यांना एकटं सोडू नये. कुत्रं खात असताना, झोपलेलं असताना किंवा पिल्लांजवळ असताना पोरांनी जवळ जाऊ नये, हे घरात आधीच शिकवावं.

खरी अडचण कोंबड्या, मांजर आणि करडांची आहे. पळणारं लहान जनावर दिसलं की याच्या अंगातली शिकार जागी होते. पिल्लू असल्यापासून सवय लावली तर फरक पडतो, तरी पूर्ण भरवसा धरू नये. आणि सशामागे मुद्दाम सोडणं हा खेळ नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे.

खाणं आणि लस

हे कुत्रं मुळातच सडपातळ असतं. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या म्हणजे उपाशी आहे असं नाही. नुसत्या भाकरीवर मात्र त्याचं भागत नाही, अंडी किंवा मांस लागतं. केस आखूड असल्याने थंडीत आडोसा आणि पोतं हवंच.

रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास द्यावी. पुढचे डोस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्यावेत. कुत्रं घरचं असलं तरी चावल्यावर जखम वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटं धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.

कारवान घरात चालतं, पण त्याला पळायला जागा आणि माणसांत वावर द्यावा लागतो. फक्त दारात बांधायला कुत्रं हवं असेल, तर हे पिल्लू आणू नये.